लिगामेंट अर्धं तुटलंय, ऑपरेशन करावंच लागेल का?

पावसाळा लागला की बेळगावजवळच्या खानापूर भागातून माझ्याकडे फिजिओथेरपीला गुडघे यायला लागतात. निसरडे बांध, घसरलेल्या दुचाक्या. काखेत एमआरआयची मोठी पिशवी आणि प्रश्न ठरलेला: ‘मॅडम, अर्धं फाटलंय म्हणून लिवलंय. उरलेलं कधी तुटंल? आत्ताच ऑपरेशन करून टाकूया काय?’

अशीच एक पस्तिशीची बाई नवऱ्याबरोबर आली. तो उद्यमबागेत फाउंड्रीत, ही घरची भातशेती बघणारी. जूनमध्ये स्कूटी घसरली, पाय टेकला आणि वरचं अंग फिरलं. आतून ‘कट्ट’ वाजलं, संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म. गावात चोळून घट्ट पट्टीही बांधून झाली होती. (सूज ताजी असताना चोळू नका, हे मी दरवर्षी सांगते आणि दरवर्षी लोक चोळूनच येतात.) रिपोर्टात एसीएलची, म्हणजे नडगीला पुढे सरकू न देणाऱ्या गुडघ्यातल्या लिगामेंटची, अर्धवट इजा; दोन हाडांमधली गादी (मेनिस्कस) शाबूत. सर्जननी ‘दोन्ही मार्ग आहेत, विचार करून सांगा’ म्हटलं आणि घरात दोन तट पडले. नवऱ्याला एकदाचं उरकायचं होतं. सासूचं म्हणणं, चिरफाड केलेला गुडघा परत वाकत नाही.

मी फिल्म बाजूला ठेवली आणि तिला झोपवलं. गुडघा जरासा वाकवून एका हातानं मांडी धरली, दुसऱ्यानं नडगी पुढे ओढून पाहिली. आधी चांगला पाय, मग दुखरा. दुखरा थोडा जास्त पुढे आला, पण शेवटी टणक अडला. हे अडणं महत्त्वाचं. लिगामेंट पूर्ण गेलेला गुडघा असा अडत नाही, ओढाल तसा मऊ येत राहतो. नवऱ्यालाही दोन्ही पायांतला फरक दाखवला. मग तिला विचारलं, ‘चालताना गुडघा सटकतो का? एकदम दगा देतो?’ ‘दुखतंय, भ्या वाटतंय. सटकत न्हाई.’

माझ्या मते निर्णय इथे होतो. अर्धवट इजेत एमआरआय कधी जास्त दाखवतो, कधी कमी. म्हणून सूज उतरल्यावर सर्जनकडून पुन्हा हातानं तपासून घ्यायचं. गुडघा स्थिर असेल, गादी धड असेल, तर आधी तीन-चार महिने नेटानं व्यायाम.

‘आणि तेवढ्यात वेळ गेली तर?’ नवरा. स्वीडनमध्ये 121 तरुण रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. त्यांचं एसीएल तर पूर्ण तुटलेलं. काहींचं लगेच ऑपरेशन केलं, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. 5 वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे साधारण सारखेच निघाले. थांबलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांचं ऑपरेशन टळलं. उरलेल्यांना लागलं, हेही मी लपवलं नाही. ऑपरेशन म्हणजे तुटलेलं शिवून टाकणं नव्हे, बहुधा मांडीमागच्या स्नायूची स्वतःचीच दोरी (टेंडन) काढून तिथे बसवतात. व्यायाम त्यानंतरही चुकत नाही. खेळात परतायला नऊ महिने तरी धरतात.

ती गप्प होती. मग हळूच म्हणाली, ‘लावणीला जाऊ न्हवं?’

खरी काळजी ही होती. पैऱ्यानं लावणी चालते. ही दुसऱ्यांच्या शेतात गेली नाही तर हिच्या शेतात कोण येणार? गुडघाभर चिखलात पाय रुतलेला आणि वरचं अंग वळतंय, म्हणजे पडताना झालं तेच पुन्हा. मी सरळ नाही म्हटलं. यंदाची लावणी सोडा, सुगीचं बघू. ऑपरेशनच्या नावानं न रडलेली बाई तिथे रडली. शेवटी जाऊ तिच्या वाटणीचे दिवस भरणार आणि ही घरात दोन्ही चुली सांभाळणार, असं ठरलं.

सुरुवात साधी. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची. दुखरी मांडी तोवर टेपनं मोजण्याइतकी बारीक झाली होती. मग खुर्चीतून उठबस, पायरी चढ-उतर, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंना जोर. सूज वाढली की एक पाऊल मागे.

याच टेबलावर कंग्राळीचा विशीतला पैलवान असता तर मी वेगळं बोलले असते. कुस्तीत, कबड्डीत गुडघ्यावर पीळ बसतो. अर्धं उरलेलं तिथे तुटण्याची शक्यता जास्त. सर्जनशी ऑपरेशनचं बोलणं लवकर करायला लावलं असतं. गुडघा वारंवार सटकत असेल तर कुणीही अंगावर काढू नये, दर सटक्यात गादी चिरडू शकते. अडकून सरळच होत नसेल तर त्याच आठवड्यात सर्जन गाठावा.

दिवाळीनंतर सर्जननी पुन्हा तपासलं, गुडघा टिकून होता. सुगीत ती कापणीला गेली. भारे मात्र नवऱ्यानं वाहिले, आणि बांधावरून उडी मारायची नाही ही अट तिनं कुरकुरत का होईना पाळली. आता व्यायाम बंद करू का म्हणून विचारत होती. मी आठवड्यातून तीन दिवसांवर आणले, बंद केले नाहीत.