पाणी आभाळाचं की एसीचं?

वाचक विचारतात

प्रश्न : ताई, निवृत्तीनंतर आम्ही दोघांनी हौसेने एक जुना सोळा फुटी कॅरॅव्हॅन ट्रेलर घेतला. टपावर 13,500 बीटीयूचा एसी आहे. जुलैत इगतपुरीला मुक्काम केला. रात्रभर धो धो पाऊस, एसी बंद, आत एक थेंब नाही. सकाळी कसारा घाट उतरून चहाला थांबलो आणि ट्रेलरचं दार उघडलं, तर एसीच्या जाळीखालची गादी चिंब! घरी आल्यावर उघडीप होती त्या दिवशी एसी लावला, तरी दोनेक तासांनी टिपटिप सुरू. आधीच्या मालकाने एसीच्या बुडाभोवती चारही बाजूंनी सिलिकॉन फिरवलेलं आहे. एक मेकॅनिक म्हणतो, त्यावर अजून एक थर देऊ. दुसरा म्हणतो, गॅसकेट (एसी आणि टप यांच्यामधली फोमची चौकट) गेलं, एसी उतरवावा लागेल. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : काका, तूर्त कोणाचंच ऐकू नका. निम्मं उत्तर तुमच्या पत्रातच आहे.

टपावरच्या एसीखाली गळती झाली की पहिला प्रश्न एकच : हे पाणी आभाळाचं की एसीचं स्वतःचं? गॅसकेट फाटलेलं असतं तर इगतपुरीच्या त्या पावसात उभ्या गाडीतही गळलं असतं. तसं झालं नाही. घाटात ब्रेक लागले तेव्हा गळलं, म्हणजे पाणी वर कुठेतरी साठलेलं होतं आणि ते हिंदकळून आत आलं. आणि कोरड्या दिवशी दोन तासांनी येणारं पाणी पावसाचं असणं शक्यच नाही. तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी बोट दाखवतात : एसीच्या तळातला ट्रे तुंबलाय.

हा एसी घरच्या स्प्लिटसारखा नसतो. बहुतेक मॉडेल्सना ड्रेनचा पाइपच नसतो. थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते, ते पाणी ट्रेमध्ये उतरतं आणि ट्रेच्या बारीक भोकांतून थेट टपावर ओघळून जातं. वरच्या प्लॅस्टिकच्या टोपातून शिरलेलं पावसाचं पाणीही त्याच तळातून बाहेर पडतं. टपाला साधारण चौदा बाय चौदा इंचांचं चौकोनी भोक पाडून त्यावर एसी बसवलेला असतो, आणि त्या भोकाभोवती तळाच्या पत्र्याला उभी कड असते. पाणी कडेच्या खाली राहिलं तर बाहेर जातं. कडेवर चढलं की आत, म्हणजे तुमच्या गादीवर. दमट हवेत एवढा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. वाट बंद असेल तर ट्रे भरायला दोन तास पुष्कळ झाले.

आता ते सिलिकॉन. आधीच्या मालकाने बहुधा गळती थांबवायलाच लावलं असेल, पण पाणी बाहेर पडायच्या फटी बुडाशीच असतात आणि त्याच त्याने लिंपल्या. आपल्याकडे सिलिकॉनची नळी म्हणजे आजीबाईच्या बटव्यातली एकच पुडी, डोकं दुखो की पोट, तीच द्यायची! या गॅसकेटभोवती सिलिकॉन लावू नये. गॅसकेट हा नुसता फोम आहे, तो दाबानेच पाणी अडवतो, चिकटवण्याची त्याला गरज नसते.

करायचं काय? आधी वीज तोडा. बाहेरून घेतलेली केबल काढा, जनरेटर आणि इन्व्हर्टर बंद करा. टोपाखाली कपॅसिटर असतो, तो वीज बंद केल्यावरही झटका देतो, त्यामुळे वायरिंगला हात नको. टपावर स्वतः चढायचा हट्ट करू नका, तरणा माणूस पाठवा, आणि पाय ठेवायला प्लायवूडची फळी द्या म्हणजे टप दबणार नाही. टोपाचे स्क्रू काढले की ट्रे दिसेल. आमच्या सातपूरच्या वर्कशॉपमध्ये मागे असाच एक एसी उघडला होता. एका भोकात कुंभारमाशीने मातीचं घर केलेलं, दुसऱ्यात सिल्व्हर ओकच्या पानांचा लगदा धुळीत मुरून पार काळी खळ झालेली. सायकलच्या ब्रेकची तार घातल्यावर गढूळ पाणी असं सुटलं की खाली उभा पोरगा भिजला. तुमच्याकडेही याहून वेगळं काही निघेल असं वाटत नाही.

भोकं साफ करा. सिलिकॉन प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू खरवडा. ब्लेड वापरलं तर टपाला चरे पडतात. टप रबराचं असेल तर पेट्रोल किंवा थिनर लावू नका, रबर फुगतं. मग मगभर पाणी ट्रेमध्ये ओता. ते लगेच एसीच्या बुडातून टपावर वाहायला हवं. तिथेच तुंबून राहिलं तर आणखी एखादी वाट बंद आहे. गाडीखाली जॅक लावताना पाणसळही बघा. ट्रेलर एका अंगाला फार कललेला असेल तर भोकं साफ असूनही पाणी उलट्या बाजूला साचतं.

एवढ्यावर गळती थांबली तर गॅसकेट तपासायचं नाही का? तपासायचंच. आतून जाळी काढली की चार लांब बोल्ट दिसतात, तेच एसी टपावर खेचून धरतात. नवा फोम साधारण इंचभर जाड असतो आणि दाबल्यावर अर्ध्या इंचावर यायला हवा. बोल्ट सैल असतील तर समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. एकच बोल्ट गच्च करत गेलात तर तळाचा पत्रा वाकतो आणि समोरची बाजू उचलली जाते. मग पाइपने गॅसकेटभोवती टपावर संथ पाणी सोडा, आत दुसरा माणूस बॅटरी घेऊन बसवा. प्रेशर वॉशर नको, तो चांगल्या जोडातूनही पाणी घुसवतो. खालून सुरू करून वर सरका, हवेच्या पंख्यापर्यंत आणि सांध्यांपर्यंत. एसीचं भोक हे टपातल्या मोठ्या भोकांपैकी एक, त्यामुळे दुसरीकडून शिरलेलं पाणीही आतल्या आत वाहत येऊन तिथेच टपकतं आणि बिचाऱ्या एसीवर आळ येतो.

या परीक्षेत गॅसकेट नापास झालं तरच एसी उतरवा. वजन पस्तीस-चाळीस किलोच्या घरात असतं, तेव्हा माणसं दोन हवीत. बसवताना एसी सरळ उचलून ठेवा. फरफटत सरकवला तर नवं गॅसकेट तिथल्या तिथे फाटतं.

एक शंका राहते. एसी बंद केल्यावर टिपटिप वाढत असेल, तर कॉइलवर बर्फ धरतोय. इगतपुरीच्या गार रात्री थर्मोस्टॅट 16 वर लावून पंखा मंद ठेवणारे बरेच भेटतात. फिल्टर धुवा, तापमान 24 करा, पंखा वेगात ठेवा. आतल्या डब्यात गार हवा आणि परत जाणारी हवा यांच्यामध्ये पडदा असतो. त्याला फट असेल तर गार हवाच पुन्हा कॉइलवर जाते आणि बर्फ धरतो. ती फट अॅल्युमिनियमच्या टेपने बंद करा.

आणि काका, जाळीभोवतीचं छत अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं तर आतलं लाकूड कुजायला लागलंय. मग वरचा एसी कितीही नीट बसवा, बोल्ट धरणार नाहीत. आधी सुतार, मग मेकॅनिक.

प्रश्न : पावसाळाभर ट्रेलर उभाच असतो. एसीवर ताडपत्री बांधून ठेवली तर?
– इंदिरानगर

उत्तर : बांधा, पण खालून हवा खेळू द्या. प्लॅस्टिक गच्च आवळलं तर आत घाम धरतो आणि पत्रा गंजतो. दोरी वाऱ्याने घासते तिथे टपावर जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा घाला. झाकलेला एसी चुकूनही चालू करू नका, कंडेन्सरला हवा मिळाली नाही तर कॉम्प्रेसर जातो. आतल्या स्विचवर चिठ्ठी चिकटवा, घरात नातवंडं असतील तर नक्कीच.

प्रश्न : ट्रेलर नाही हो आमच्याकडे! पण घरचा स्प्लिट एसी भिंतीवरून गळतो, तो फक्त पावसाळ्यातच. असं का?
– नाशिक रोड

उत्तर : पावसाळ्यात हवा दमट, म्हणून कॉइलवर पाणी जास्त. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा कोरडी असते, तेव्हा अर्धवट तुंबलेला ड्रेन पाइपही काम चालवून नेतो. बाल्कनीत जाऊन पाइपचं टोक बघा. ते बादलीतल्या पाण्यात बुडालेलं असेल, किंवा पाइप मध्येच वर चढून पुन्हा खाली उतरत असेल, तर पाणी मागे तुंबतं. टोक मोकळं सोडा आणि पाइपला सगळीकडे उतार द्या. तरीही गळलं, तर सर्व्हिसिंगवाल्याला ट्रे काढून धुवायला सांगा. नुसता फिल्टर झटकून पैसे घेऊन गेला तर पुन्हा बोलवा.