212 फॉर्म भरून आले, मग नमुना यादृच्छिक झाला का?

एम.एड.ची एक विद्यार्थिनी शोधप्रबंधाचं तिसरं प्रकरण घेऊन आली. विषय होता तालुक्यातल्या नववीच्या मुलांचा मोबाइल वापर. गूगल फॉर्मची लिंक शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली आणि आठवड्यात 212 उत्तरं आली. तिचं म्हणणं असं, ‘‘मॅडम, कोण भरेल हे मी ठरवलं नव्हतं. मग ही यादृच्छिक निवडच ना?’’

नाही. ‘रँडम’ म्हणजे ‘कसंही’ हा समज फार चिवट आहे. यादृच्छिक निवडीत समष्टीतल्या, म्हणजे ज्यांच्याविषयी निष्कर्ष काढायचा त्या सगळ्यांतल्या, प्रत्येकाला संधी असते आणि ती किती, हे आधी सांगता येतं. इथे ज्याच्या घरी फोनच नाही, त्याची संधी शून्य. मोबाइल वापर मोजायचा आणि फोन नसलेल्यांना दाराबाहेरच ठेवायचं! त्या 212 मध्ये आश्रमशाळांमधली मुलं होती फक्त 3.

आणखी फॉर्म भरून घेतले तर? तरी तेच. 1936 मध्ये अमेरिकेतल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी घेतलेल्या जनमत चाचणीत ‘लिटररी डायजेस्ट’ साप्ताहिकाला वीस लाखांहून जास्त मतपत्रिका परत आल्या. त्यांनी लँडन जिंकणार असं सांगितलं, जिंकले रूझवेल्ट. नावं बरीचशी टेलिफोन डिरेक्टरी आणि मोटार नोंदणीच्या याद्यांतून घेतलेली, आणि पत्रिका परत पाठवणारे थोडेच. चूक संख्येत नव्हती.

म्हणून पद्धतीच्या नावाआधी यादी. मुलांची एकत्र यादी तिच्याकडे नव्हती, पण पंचायत समितीच्या शिक्षण विभागातून शाळांची मिळाली. नववीचे वर्ग असलेल्या 48 शाळा: 28 अनुदानित, 12 स्वयंअर्थसहाय्यित, 8 आश्रमशाळा. प्रत्येक स्तरातून, म्हणजे शाळांच्या या प्रत्येक प्रकारातून, चौथा हिस्सा, म्हणजे 7, 3 आणि 2. निवडलेल्या शाळेत नववीच्या हजेरीपटावरचा दर तिसरा विद्यार्थी. सुरुवात 1 ते 3 पैकी कुठून, ते चिठ्ठी टाकून. त्यामुळे तालुक्यातल्या प्रत्येक मुलाची संधी बारात एक. सरासरी पट 60 धरला तर सुमारे 240 मुलं. सगळ्या शाळांतून सरसकट 20 मुलं घेतली असती, तर छोट्या पटाच्या शाळेतल्या मुलाची संधी वाढली असती आणि मग हिशेबात प्रत्येक उत्तराला त्या संधीप्रमाणे कमी-जास्त भार (वेटेज) देत बसावं लागलं असतं.

शाळांच्या चिठ्ठ्या एक्सेलमध्ये काढल्या. यादृच्छिक आकडे देणाऱ्या रँड फंक्शनचे आकडे प्रत्येक बदलासरशी पालटतात, म्हणून ते आधी नुसती मूल्यं म्हणून चिकटवायचे, मगच त्यांवरून शाळांचा क्रम लावायचा. पटाचंही एक बघून घ्यावं. मुलगा-मुलगी असा आलटून-पालटून क्रम असेल आणि अंतर सम असेल, तर सगळे मुलगे किंवा सगळ्या मुलीच हाती येतात. तीनच्या अंतराला ती भीती नाही.

खरी गडबड वर्गात होते. ‘‘हा आज आला नाही, शेजारचा घ्या,’’ असं वर्गशिक्षक सहज म्हणतात, किंवा नीट उत्तरं देतील अशी हुशार मुलं पुढे करतात. दोन्हीला नम्रपणे नकार द्यायचा. गैरहजर मुलासाठी दुसरी फेरी. तरीही भेटला नाही तर ‘प्रतिसाद नाही’ अशी नोंद. पालकांची संमतिपत्रं चार दिवस आधी पाठवायची, नाहीतर ज्यांची सही लगेच मिळते तीच मुलं उरतात.

‘‘पण नमुन्यात 384 हवेत ना?’’ तिने विचारलं. तो आकडा मोठ्या समष्टीतल्या साध्या यादृच्छिक नमुन्याचा, 95 टक्के विश्वासपातळी आणि 5 टक्के त्रुटी धरून. एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असतात, त्यामुळे शाळा निवडून घेतलेल्या नमुन्यात तेवढ्याच संख्येला त्रुटी बहुधा जास्त येते. वेळ आणि एसटीचा खर्च पाहता 240 वर थांबणं योग्य होतं, फक्त मर्यादा प्रकरणात लिहून.

जुने 212 फॉर्म प्रश्नावलीच्या पूर्वचाचणीसाठी वापरले. दोन प्रश्न मुलांना कळलेच नव्हते, ते तिथेच सापडले. हाती तीनच आठवडे असते, तर त्याच फॉर्मांवर ‘सोयीस्कर नमुना’ (जे सहज मिळाले तेवढेच घेतलेले) असं सरळ लिहून निष्कर्ष त्या 212 मुलांपुरते ठेवायला सांगितलं असतं. परीक्षक त्याला नाक मुरडतील, पण खोटं ‘यादृच्छिक’ तोंडी परीक्षेत पहिल्याच प्रश्नाला उघडं पडतं.

एका अनुदानित शाळेने परवानगी नाकारली. प्रत्येक स्तरात दोन राखीव शाळा त्याच चिठ्ठ्यांतून काढून ठेवल्या होत्या, त्यातली पहिली घेतली आणि बदल तिसऱ्या प्रकरणात नोंदवला.