एसएसडी बसवल्यापासून वडिलांचा जुना फोल्डर उघडत नाही, ड्राइव्ह फॉरमॅट करावा का?

तुमच्या लिहिण्यावरून मला समजलं ते असं. ऐरोलीच्या घरातला जुना कॉम्प्युटर दुकानात नेऊन एसएसडी (नवी, वेगवान डिस्क) बसवली, तिच्यावर विंडोज नव्याने टाकून घेतलं. जुनी हार्ड डिस्क आता डी ड्राइव्ह म्हणून दिसते. तिच्यातल्या 'युजर्स'मध्ये वडिलांच्या नावाचा फोल्डर आहे, पण तो 'अ‍ॅक्सेस डिनाइड' म्हणतो आणि प्रॉपर्टीजमध्ये साइझ शून्य दाखवतो. वडिलांचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. दुकानदाराचं म्हणणं, 'करप्ट झालाय, फॉरमॅट मारून देतो.'

फॉरमॅट अजिबात मारू देऊ नका, त्यात ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं. दोन वर्षांपूर्वी आमच्या नौपाड्याच्या घरी हेच झालं होतं, आणि 'शून्य' बघून मीही हातपाय गाळले होते. ते शून्य खोटं असतं. ज्या फोल्डरात डोकावायची परवानगी नाही, त्याचा आकार विंडोज मोजणार कसा? म्हणून शून्य. खरं काय ते बघायचं तर 'धिस पीसी' उघडा आणि डी ड्राइव्हखालची पट्टी बघा. समजा पट्टी म्हणते ३०० जीबी भरलेत, आणि जे फोल्डर उघडतात त्यांची बेरीज जेमतेम ६० होते, तर उरलेला ऐवज त्या बंद दाराआडच आहे.

दार बंद का झालं? तर विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही. प्रत्येक अकाउंटला आतून एक लांबलचक नंबर दिलेला असतो आणि फोल्डरवर मालक म्हणून तोच नंबर चिकटवलेला असतो. विंडोज नव्याने टाकलं की नंबरही नवा. तुम्ही नव्या विंडोजवर वडिलांच्याच नावाने अकाउंट उघडलंत तरी उपयोग नाही. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर जुन्या मालकाचं नाव असावं आणि आपण चावी घेऊन दारात उभे असावं, तशातला प्रकार. घर शाबूत आहे, फक्त ट्रान्सफर व्हायचंय. जुना पासवर्ड या कामाला लागतच नाही. तुमचं आत्ताचं अकाउंट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलं की झालं.

पण त्याआधी एक गोष्ट कानाने तपासा. त्या डिस्कमधून टकटक आवाज येतोय का? इतर फोल्डर उघडायलाही मिनिट-मिनिट लागतंय का? तसं असेल तर दुखणं परवानगीचं नाही, डिस्कचंच आहे. मग पुढचं काही करू नका आणि कुणी 'चेक डिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवून बघू' म्हणालं तर त्यालाही थांबवा. मरायला टेकलेल्या डिस्कला कानाकोपऱ्यापर्यंत वाचायला लावलं तर ती मध्येच राम म्हणू शकते. अशा वेळी कॉम्प्युटर बंद करून, फक्त डेटा काढून देणाऱ्या माणसाकडे जायचं. फॉरमॅटचं नाव काढणाऱ्याकडे नाही.

आवाज नसेल तर निवांत पुढे जा. फोल्डरवर डबल क्लिक केल्यावर 'कंटिन्यू' असं बटण येतं ते आधी दाबा. पुष्कळदा तेवढ्यावर भागतं. फोल्डर मोठा असेल तर हिरवी पट्टी बराच वेळ रेंगाळते, तेव्हा उगाच बंद करू नका. एवढ्याने नाही झालं, तर फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, मग खालचं अ‍ॅडव्हान्स्ड. वर 'ओनर' लिहिलेलं असेल आणि त्याच्यापुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा आकडा, किंवा मालक कळतच नाही अशा अर्थाचा मजकूर. शेजारच्या 'चेंज'वर क्लिक करून तुमच्या अकाउंटचं नाव टाका, 'चेक नेम्स' दाबा, ओके. आता ओनरच्या खाली एक नवीन चौकोन उगवतो, 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स'. त्यावर टिक करायला विसरू नका. मी पहिल्यांदा विसरले होते, आणि मग आतला प्रत्येक फोल्डर वेगळा रुसून बसला. मालकी मिळाल्यावर खिडकी बंद करून पुन्हा उघडा आणि 'अ‍ॅड'मधून स्वतःला 'फुल कंट्रोल' द्या.

हे फक्त वडिलांच्या फोल्डरवर करायचं. आमच्या भाच्याने उत्साहाच्या भरात अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी स्वतःकडे घेतली होती. नंतर निम्मे प्रोग्राम धड चालेनात आणि विंडोज तिसऱ्यांदा टाकावं लागलं.

मालकी घेऊनही फाइल उघडली नाही आणि तिच्या चिन्हावर छोटं कुलूप दिसलं, तर तिथे परवानगीचा नाही, एन्क्रिप्शनचा, म्हणजे फाइलचा मजकूरच सांकेतिक करून ठेवल्याचा मामला आहे. तिथे ही युक्ती चालत नाही. जुन्या अकाउंटचं सर्टिफिकेट, म्हणजे त्या कुलपाची डिजिटल किल्ली लागते. अख्ख्या ड्राइव्हवरच कुलूप असेल तर ते बिटलॉकर, विंडोजचं पूर्ण ड्राइव्ह कुलूपबंद करणारं साधन. त्याची ४८ आकडी रिकव्हरी की वडिलांच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडू शकते, म्हणून त्यांचा ईमेल आणि सिमकार्ड अजून चालू असेल तर इतक्यात बंद करू नका. घरच्या जुन्या मशीनवर हे दोन्ही क्वचितच दिसतं.

फोल्डर उघडला की तिथेच फोटो बघत बसू नका (मी बसले होते, तासभर). आधी सगळं दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. मध्येच 'नाव फार लांब आहे' अशी तक्रार आली तर वरच्या फोल्डरचं नाव एका अक्षराचं करा. फोल्डरात फोल्डर करत गेलं की पूर्ण पत्त्याची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली जाते. पेनड्राइव्हवर घेताना लग्नाच्या व्हिडिओवर अडलं, तर पेनड्राइव्ह एफएटी-३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार. त्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही, मोकळी जागा कितीही असो. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. इथे फॉरमॅट चालेल!

आणखी एक. वडिलांनी मराठीत काही टाइप करून ठेवलं असेल तर वर्डची फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसेल. तीही करप्ट नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असत. नव्या विंडोजमध्ये तो फॉन्टच नाही, म्हणून पडदा सरकल्यासारखी खालची इंग्रजी अक्षरं दिसतात. जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरात 'फॉन्ट्स' असतो, फॉन्टची फाइल बहुधा तिथेच मिळेल. ती नव्या विंडोजमध्ये इन्स्टॉल केली की मजकूर जसाच्या तसा परत येतो. आमच्या सासऱ्यांनी टाइप केलेली कुळाची ४० पानी वंशावळ मी अशीच परत मिळवली, आणि त्याआधी तिच्या दोन प्रती कचरा समजून डिलीट केल्या होत्या.

आधी ते ओनरचं पान उघडून तिथे नेमकं काय लिहिलंय ते इथे सांगा. आणि डिस्कचा आवाज येतो की नाही, तेही.