मुंबईत नव्याने काम सुरू करणाऱ्या आहारतज्ज्ञाने ऑनलाइन कोणते संदर्भ वापरावेत?

सर्वप्रथम हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2017 ची भारतीय खाद्यघटक कोष्टके उतरवून घ्यावीत. त्यांत 528 पदार्थांचे पृथक्करण आहे. परळच्या माझ्या दवाखान्यात येणाऱ्या, रोज नाचणीची भाकरी खाणाऱ्या आजींच्या कॅल्शियमचा हिशेब मी त्यांवरूनच करते: 100 ग्रॅम नाचणीत सुमारे 364 मिलिग्रॅम. मात्र हा आकडा कच्च्या धान्याचा असल्यामुळे एका भाकरीला किती पीठ लागते, हे घरच्या काट्यावर मोजून आणायला सांगावे लागते, आणि ही पायरी कृपया कधीही गाळू नका. त्याच संस्थेची 2024 ची आहारविषयक मार्गदर्शक तत्त्वेही मोफत आहेत. ब्लूबेरीसारख्या परदेशी पदार्थांसाठी अमेरिकी कृषी खात्याचे फूडडेटा सेंट्रल पाहावे. संशोधनासाठी पबमेड ही वैद्यकीय शोधनिबंधांची ऑनलाइन सूची आहेच, पण निबंधाचा नुसता सारांश वाचून रुग्णाचा आहार बदलू नये.