आधी चिठ्ठी लिहिणाऱ्याकडे बघ

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

जुन्या व्हेनिसच्या भ्रष्टाचारावरचं तुझं प्रकरण काल रात्री वाचून काढलं. मेहनत दिसते. पण आर्सेनालच्या, म्हणजे सरकारी जहाजगोदीच्या, कामगारांना तू पहिल्याच पानावर चोर ठरवून मोकळी झालीस, तिथे मी अडखळलो. लाकडाचे उरलेले तुकडे घरी न्यायची त्यांना मुभा होती. रोजंदारीइतकाच तो त्यांचा हक्क. घरची चूल त्यावर पेटायची. पुढे चांगल्या फळ्याही कापून त्यांचे ‘तुकडे’ व्हायला लागले, हेही खरं. मग हक्क कुठे संपला आणि चोरी कुठे सुरू झाली? तुझं प्रकरण इथून सुरू व्हायला हवं. आणि तुकड्याच्या नावाखाली फळी बाहेर जाते तेव्हा दारावरच्या माणसाने डोळेझाक केलेली असते. तो तुझ्या लिखाणात कुठेच नाही.

डोजच्या, म्हणजे व्हेनिसच्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यातला तो कपाळाला आठ्या घातलेला दगडी चेहरा तुला ठाऊक आहे. तोंडाच्या जागी फट. चिठ्ठी टाकली की भिंतीपलीकडच्या कुलूपबंद पेटीत. त्याखाली कोरलंय, की पदं आणि मेहेरबान्या लपवणाऱ्यांविरुद्ध, किंवा त्यांचं खरं उत्पन्न दडवायला संगनमत करणाऱ्यांविरुद्ध गुप्त तक्रारी इथे टाकाव्यात. सावकाश वाच. पदातून कमाई होते याचं सरकारला वावडं नव्हतंच. ती हिशेबात दाखवली नाही, हा गुन्हा. पदं विकली जायची, भाड्याने दिली जायची. खुर्ची एकाच्या नावावर, राबणारा दुसराच, आणि त्याचं पोट लोकांनी मोजलेल्या शुल्कावर. त्याला लाचखोर म्हणण्याआधी त्याला ते भाडं परवडत होतं का, हे काढ.

तक्रारींवर तू फार विसंबतेस, याची मला खरी काळजी वाटते. मीही तरुणपणी एका अर्जावरून एका कारकुनाला चोर लिहून बसलो होतो. माझ्या गुरुजींनी एवढंच विचारलं, “लिहिणाऱ्याला काय हवं होतं?” मला उत्तर देता आलं नाही. अंतोनियो फोस्कारिनी या व्हेनिसच्या उमरावाचं प्रकरण हेरगिरीचं, पण धडा तोच. 1622च्या एप्रिलमध्ये खोट्या साक्षीवरून त्याचा तुरुंगात गळा आवळला आणि प्रेत चौकात एका पायाने उलटं टांगलं. 1623च्या जानेवारीत दहांच्या मंडळाने, म्हणजे राज्याच्या सुरक्षेचे खटले चालवणाऱ्या मंडळाने, तो निर्दोष असल्याचं जाहीर केलं. साक्ष देणाऱ्यालाही तोवर फाशी झाली होती.

फ्रारीच्या, म्हणजे व्हेनिसच्या सरकारी, दफ्तरखान्यात पुन्हा जाशील तेव्हा चिठ्ठ्यांचे गठ्ठे बाजूला ठेव. आधी मजुरीच्या वह्या माग. रोजंदारी आणि लाकडाचा भाव एकाच पानावर उतरवून मला पाठव.

तुझा,
सर