टॅब शाळेनं काढून घेतला, आता अभ्यासाचं काय?

मावशी, आम्ही जुळे सोलापुरात राहतो. मुलगा आठवीत आहे. जूनमध्ये शाळेनं सगळ्यांना टॅब घ्यायला लावले. आम्ही हप्त्यानं पैसे भरले, नियमांच्या कागदावर सही केली. गेल्या आठवड्यात गणिताच्या बाई वर्गावर रागावल्या, तेव्हा मुलानं बाकाखालून व्हिडिओ काढला. बाई पूर्व भागातल्या, तेलुगू घरातल्या. रागात त्यांची मराठी अडखळते. पोरांनी त्यावर गाणं लावून ग्रुपवर टाकलं. (मीपण बघितला. हसू आलं म्हणून जाऊबाईंना पाठवला.) शाळेनं महिनाभरासाठी टॅब काढून घेतला. गृहपाठ तर सगळा टॅबवरच येतो. मुलगा म्हणतो, "सगळेच करतेत की, मीच सापडलो." हे यंत्रमागावर रात्रपाळीला असतात. त्यांचं म्हणणं, टॅबच नको, शाळाच बदलू. मी त्यांना न सांगता रात्री माझा मोबाइल मुलाला अभ्यासाला देते. शाळेत जाऊन टॅब परत मागू का?
– एक आई

अगं, तू विचारलंस टॅबबद्दल, पण पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तू कंसात टाकलंस. आधी ते बघू.

तुझ्या लेकानं व्हिडिओ काढला आणि वर्गातल्या पोरांना पाठवला. तू तो वर्गाबाहेर, नात्यात पोचवलास. तू हसलीस हे त्याला ठाऊक असेल, तर "सगळेच करतेत" यात त्याचं खोटं काय? आजच जाऊबाईंना फोन कर. व्हिडिओ पुसायला सांग, त्यांनी पुढे पाठवला असेल तर तिथूनही. हा फोन मुलासमोर कर, आतल्या खोलीत जाऊन नको.

आता बाईंचं. सोलापुरात एकमेकांच्या मराठीला हसायचं ठरवलं तर हसायला कोण उरेल? घरात तेलुगू, शेजारी कन्नड, शाळेत मराठी असं बोलत या गावातली कितीतरी घरं शिकली. बाई घरच्या भाषेत नाही, तुमच्या लेकरांच्या भाषेत गणित शिकवतात, आणि चाळीस-पन्नास पोरं समोर दंगा करत असताना शिकवतात. मुलाला हे एकदा सांग, रोज नको. मग त्याला एकट्याला बाईंकडे जाऊ दे. तू फाटकाबाहेर थांब. चिठ्ठी तू लिहून द्यायची नाही, ग्रुपवर 'सॉरी' टाकून भागवायचं नाही. मी काय केलं, कुणाकुणाला पाठवलं, कुठून पुसलं, एवढं त्यानं तोंडानं सांगायचं. बाईंनी माफ करायचं की नाही ते बाई बघतील. त्याच दमात टॅबचा विषय मात्र काढायचा नाही.

शाळेत तू जरूर जा. फक्त टॅब मागायला जाऊ नकोस, अभ्यास मागायला जा. कॅमेरा बंद करा, टॅब घरी न्यायला बंदी घाला, ही शिक्षा मला रास्त वाटते, कारण चूक जिथं झाली तिथंच ती बसते. पण गृहपाठ टॅबवर द्यायचा आणि टॅब कपाटात ठेवायचा, म्हणजे चूक कॅमेऱ्याची आणि दंड गणिताला! महिनाभरानं तो पोरगा एवढंच शिकलेला असेल की पुढच्या वेळी सापडायचं नाही. म्हणून मुख्याध्यापकांना नीट विचार: गृहपाठ वहीत देता येईल का? शाळा सुटल्यावर अर्धा तास शिक्षकांसमोर बसून टॅब वापरता येईल का? स्टेट बोर्डाची शाळा असेल तर बालभारतीची छापील पुस्तकं आहेतच, त्यांच्या संकेतस्थळावर पीडीएफही फुकट मिळतात. "टॅबशिवाय जमतच नाही" असं कुणी म्हणालं तर लगेच मान डोलावू नकोस.

जाण्याआधी तो सही केलेला कागद शोध आणि या वेळी वाच. (सही करताना कुणीच वाचत नाही, तेव्हा लाजू नकोस.) व्हिडिओ काढला तर काय शिक्षा, किती दिवस, हे त्यात लिहिलंय की त्या दिवशी तोंडी ठरलं? काच फुटली तर खर्च कुणाचा? आणि घरी टॅबवर मुलगा काय उघडतो हे शाळेला दिसतं का? शाळेच्या टॅबमध्ये पुष्कळदा असं सॉफ्टवेअर असतं की कुठलं अॅप चालेल, कधी बंद होईल, हे सगळं एका जागेवरून ठरवता येतं. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा झाला. तो १८ वर्षांखालच्या सगळ्यांना मूलच मानतो, आणि मुलांची माहिती वापरायची तर सहसा पालकांची संमती हवी, असं त्यात म्हटलंय. तेव्हा विचारण्यात आगाऊपणा काही नाही. आणि हेही विचार: असं सॉफ्टवेअर असेल तर शाळेच्या वेळेत कॅमेरा त्यातूनच बंद का ठेवला नाही? तेरा-चौदा वर्षांच्या पोरांच्या बाकावर चालू कॅमेरा ठेवायचा आणि कागदावर 'वापरू नये' लिहायचं, हा नियम मला अर्धाच वाटतो.

आता तुझ्या यजमानांबद्दल. ते अगदीच चुकत नाहीत. युनेस्कोनं २०२३ च्या शिक्षण अहवालात वर्गातल्या तंत्रज्ञानाबाबत सबुरीनं घ्या असंच सांगितलं, आणि स्वीडनसारखा देश त्याच सुमारास पुन्हा छापील पुस्तकांकडे वळला. पण आपल्याच जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार तिथं आला. शाळा बदलून काय होणार? नव्या वर्गातही पोरांच्या हातात मोबाइल असतीलच. घरी टॅब किती वेळ द्यायचा यावर तुमचं भांडण होत असेल तर एक माप सांगते. केंद्रानं २०२० मध्ये ऑनलाइन वर्गांसाठी 'प्रज्ञाता' सूचना काढल्या, त्यात पहिली ते आठवीला दिवसाला प्रत्येकी ३० ते ४५ मिनिटांच्या जास्तीत जास्त दोन तासिका सांगितल्या होत्या. त्या कोरोनाच्या काळातल्या, पण अंदाजाला चांगल्या आहेत. त्याहून जास्त वेळ गृहपाठच चाललाय असं लेक म्हणाला, तर शेजारी जाऊन बस.

राहिला तुझा मोबाइल. हे लपवणं आजच बंद कर. मुलगा बघतोय की आई बाबांपासून लपवते, आणि शिक्षेतून पळवाट काढायची तर घरातूनच मदत मिळते. ते रात्रपाळी करून येतात, झोप होऊ दे, जेवण होऊ दे, मग सांग. आधी जाऊबाईंना पाठवलेल्या व्हिडिओचं, मग मोबाइलचं. चिडतील, चिडू दे. वहीतला गृहपाठ सुरू होईपर्यंत मोबाइल लागलाच तर तो सगळ्यांसमोर बाहेरच्या खोलीत, आणि शाळेला कळवून.

आणि मुख्याध्यापकांकडे त्यांनाही घेऊन जा. एका सकाळची झोप तासाभरानं पुढे गेली तर चालेल. प्रत्येक वेळी आई एकटीच येते, हे शाळांना फार सोयीचं पडतं.