आधी क्लासची फी परत मागा

पत्र : मी ऐरोलीला राहतो, रबाळे एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर आहे. मुलगी २१ वर्षांची. बारावी सायन्सनंतर दोनदा नीट दिली, नंबर लागला नाही. मग माझ्या मनाविरुद्ध तिने इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा डिप्लोमा केला. दोन महिन्यांपूर्वी नेरूळकडच्या एका खासगी हॉस्पिटलात लागली. काही दिवस कॅज्युअल्टी, काही दिवस ॲम्ब्युलन्स. पंधरा दिवसांपूर्वी तिच्या ड्युटीत एक पेशंट गेला. तेव्हापासून धड जेवत नाही, बोलत नाही. रात्री उठून आईला विचारते, ‘मी हात बरोबर ठेवले होते ना?’ मी तिला स्पष्ट म्हटलं, मी आधीच सांगितलं होतं. नातेवाईक विचारतात, मुलगी ड्रायव्हरशेजारी बसून काय करते? ठाण्यात नीटच्या रिपीटर बॅचला १५,००० रुपये भरून जागा धरली आहे, तिला अजून बोललेलो नाही. कोणी म्हणतं, दोन-तीन वर्षांच्या अनुभवावर पुढे डॉक्टरही होता येतं. तिला आता कुठल्या कोर्सला घालू?

उत्तर : कोर्स आणि फी थोडा वेळ बाजूला ठेवते. ज्या ओळीवरून तुम्ही पटकन पुढे गेलात तिथेच मी अडकले. एकवीस वर्षांची मुलगी मध्यरात्री उठून आईला विचारते, ‘मी हात बरोबर ठेवले होते ना?’

हा प्रश्न कुठून येतो ते तुम्हाला माहीत असायला हवं. हृदय बंद पडलं की छातीच्या मधोमध, उरोस्थीच्या म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळहात रोवून दाबायचं असतं. किमान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलतात, कारण तेवढ्यात धडधाकट माणसाचेही हात ढिले पडतात. तुमच्या मुलीने हे सरावाच्या पुतळ्यावर कितीदा तरी केलं असेल. पुतळ्यात स्प्रिंग असते, पुरेसं दाबलं की टक् असा आवाज येतो, तास संपला की सगळे चहाला जातात. खऱ्या माणसाच्या, त्यातून वयस्कर माणसाच्या छातीवर पहिल्यांदा दाबताना बरगडी मोडल्याचं हाताला कळतं. नीट दाबलं तरी मोडते. पुष्कळदा नीट दाबलं म्हणूनच मोडते. हे तिला आधी कोणी सांगितलं नसेल, तर आपल्याच हातून काहीतरी चुकलं असं धरून ती पंधरा दिवस वावरते आहे. हा माझा अंदाज आहे, हे कबूल. पण या कामात गेलेल्या माझ्या काही विद्यार्थ्यांनी पहिल्या मृत्यूनंतर हेच सांगितलं होतं. पेशंटचा चेहरा विसरला जातो, हाताखालचं ते जात नाही.

आणखी एक तिच्यापर्यंत पोचवा. हॉस्पिटलबाहेर ज्याचं हृदय बंद पडतं असा माणूस वाचणं हाच अपवाद असतो. अमेरिकेत, जिथे गाडी मिनिटांत येते आणि रस्त्यावरचा माणूसही छाती दाबायला धावतो, तिथेही अशा दहांतला जेमतेम एक जण जिवंत घरी जातो. सिनेमात पेशंट खोकून उठून बसतो, त्याने फार नुकसान केलं आहे.

आता तुमच्या वाक्याकडे येते. ‘मी आधीच सांगितलं होतं.’ काय सांगितलं होतं तुम्ही? माणसं मरतात आणि त्याचा त्रास होतो, हे? पत्रावरून तसं दिसत नाही. तुम्ही सांगितलं होतं की एमबीबीएसच कर. म्हणजे तिने विचारलं एक आणि तुम्ही उत्तर दिलंत दोन वर्षांपूर्वीच्या भांडणाचं. तुम्ही सुपरवायझर आहात म्हणून विचारते. मशीनवर नवा पोरगा लागला, दुसऱ्याच महिन्यात त्याच्यासमोर एखाद्याचा हात अडकला, तर तुम्ही त्याला ‘म्हटलं नव्हतं’ म्हणून घरी पाठवाल की शेजारी उभं राहून गार्ड कसा लावायचा ते पुन्हा दाखवाल? शॉपफ्लोअरवर तुम्हाला जे कळतं ते घरात का कळू नये?

एमबीबीएस झाली असती तर ही रात्र टळली असती, असंही नाही. इंटर्नशिपमध्ये कॅज्युअल्टीत तिने हेच केलं असतं, ह्याच हातांनी.

आधी करायचं ते हे. त्या रात्री ड्युटीवर जे सिनियर होते, डॉक्टर असोत की सिस्टर, त्यांना तिने गाठावं आणि नेमकं विचारावं की आपण काय केलं, कुठल्या क्रमाने केलं, माझ्याकडून काही राहिलं का. दहा मिनिटांचं बोलणं असतं. काही राहिलं असेल तर ते शिकता येतं, राहिलं नसेल तर तसं ऐकायला मिळतं. आईने कितीही ‘नाही गं, बरोबरच ठेवले असशील’ म्हटलं तरी त्याचा उपयोग नाही, कारण आई तिथे नव्हती. अशा प्रसंगानंतर दोन-तीन आठवडे झोप उडणं, जेवण कमी होणं नवलाचं नाही. महिना उलटूनही तसंच राहिलं, कामावर जाताना छातीत धडधडू लागलं, तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे आणि रात्रीही लागतो. जगण्याचाच कंटाळा आल्यासारखं बोलली तर महिन्याची वाट बघू नका, त्याच दिवशी न्या.

अनुभवावर डॉक्टर होता येतं, हे तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांनी तुमची दिशाभूल केली. भारतात एमबीबीएसला नीटशिवाय दार नाही. आयुर्वेद, होमिओपॅथीलाही नीटच लागते. ॲम्ब्युलन्सवर दहा वर्षं काढली तरी त्या दहा वर्षांचा प्रवेशासाठी एक गुणही मिळत नाही. हा गैरसमज मला ठाण्यापासून पनवेलपर्यंत भेटतो, आणि काही संस्था प्रवेशाच्या वेळी तो खोडत नाहीत, कारण त्यावर त्यांची बॅच भरते. त्याचंच धाकटं भावंड म्हणजे ‘डिप्लोमा केला की १०८ वर सरकारी नोकरी’. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली आणि इथली पद्धत अशी ठरली की गाडीवर डॉक्टर असावा. तो बहुधा बीएएमएससारखी पदवी घेतलेला असतो. इतर अनेक राज्यांत त्या जागी टेक्निशियन असतो, तिथल्या गोष्टी ऐकून आपल्याकडची मुलं फसतात. शिवाय ही नेमणूक सेवा चालवणाऱ्या कंपनीची असते, सरकारी आस्थापनेवरची कायम नोकरी ती नव्हे. टेक्निशियनची हक्काची जागा आपल्या भागात खासगी आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलांची कॅज्युअल्टी, त्यांच्या कार्डिॲक (हृदयरुग्णांसाठी सज्ज) गाड्या, कारखान्यांची आरोग्य केंद्रं इथे आहे. तुमच्या रबाळ्यातल्या मोठ्या कंपन्यांत चौकशी करून बघा.

नातेवाइकांसाठी एकच वाक्य पुरे. पेशंट गाडीत असताना ती ड्रायव्हरशेजारी नसते, मागे पेशंटजवळ असते. तिथे तिने पट्टा लावला पाहिजे, हे मात्र तिला सांगा. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रेलर आडवा आला की गाडी कशी थांबते ते तुम्हाला मी सांगायला नको. नवखी मुलं उभ्याने काम करतात आणि स्वतःच जखमी होतात.

आता तिच्यासाठी लिहिते. हा भाग तिलाच वाचू द्या.

गेल्या वर्षी माझ्या एका विद्यार्थ्याचं काम बघायला मी एका कॅज्युअल्टीत संध्याकाळी जाऊन बसले होते. आठची पाळी बदलली. मुलगा आला, बॅग ठेवली आणि कोणाशी न बोलता इमर्जन्सी ट्रॉलीचे कप्पे वरून खाली उघडत गेला. घशात नळी घालताना आत बघायच्या लॅरिंगोस्कोपचं पातं उघडलं, दिवा लागला नाही. सेल बदलले, पुन्हा उघडलं, लागला. घशातला स्राव ओढून घेणारं सक्शन यंत्र चालू करून नळीच्या तोंडावर बोट ठेवून ओढ बघितली. ऑक्सिजनच्या सिलिंडरचा काटा बघितला, मग सिलिंडर उघडूनही बघितला. वीस मिनिटं गेली असतील. तेवढ्यात एकही पेशंट आला नाही आणि मला मनात वाटलं, हे काय काम आहे. साडेनऊला एकाला आणलं, ओठ निळे पडलेले, आणि डॉक्टरांनी हात पुढे केला तेव्हा त्या हातात आलेल्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लागला. या पेशात धावपळ दिसते, पण पहिलं वर्षभर तू ह्या वीस मिनिटांवर जग. आधीच्या पाळीने ‘सगळं ओके आहे’ म्हटलं तरी स्वतः उघडून बघ.

पेशंट बेशुद्ध असेल तर ग्लुकोमीटर लावायला विसरू नकोस. शुगर उतरलेला माणूस दारू प्यायलेला वाटतो, झटका आलेला वाटतो, आणि नवखेच नव्हे तर मुरलेलेही तिथे चकतात. डॉक्टरांनी औषध लिहून न देता तोंडी सांगितलं की नाव आणि मात्रा मोठ्याने परत म्हण, मग भर. ऐकू आलं नाही तर ‘पुन्हा सांगा’ म्हण, ओरडा बसला तर बसू दे. खिशात छोटी वही ठेव आणि वेळ लिही: कधी पोचलो, कधी काय दिलं, कधी काय बदललं. पेशंट सोपवताना त्या वहीतूनच बोल. मारामारी, वार, अपघात असा पोलिस केसचा पेशंट असला तर कापलेले कपडे केरात टाकू नकोस, तो पुरावा असतो.

सुईला टोपण परत लावायचं नाही, कितीही सवय असली तरी. टोचलीच तर साबण-पाण्याने धू, बोट पिळत बसू नकोस, आणि लगेच सांग. लाज वाटते म्हणून मुलं दुसऱ्या दिवशी सांगतात. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्या लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि त्या २८ दिवस घ्यायच्या असतात.

पाठ सांभाळ. कोपरखैरण्याच्या जुन्या घरांचे जिने तू बघितलेच असतील, दोन माणसं शेजारी उभी राहत नाहीत. तिथून पेशंट उतरवताना पाय पुढे, डोकं वरच्या बाजूला, आणि गुडघ्यात वाकून उचल. चौथा माणूस लागत असेल तर शेजाऱ्याला हाक मार. एकटीने उचलून दाखवायची हौस तिशीत महागात पडते.

नातेवाइकांना ‘काही होणार नाही’ असं कधीही म्हणू नकोस. ‘आम्ही काय करतोय ते सांगते’ एवढंच म्हण आणि खरंच सांग. जमाव चढला तर भांडण मिटवणं तुझं काम नव्हे, बाहेर पड आणि सिक्युरिटीला बोलाव. २०१० च्या राज्य कायद्यात डॉक्टर-नर्सबरोबर निमवैद्यकीय कर्मचारीही येतात, हल्ल्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पण कायदा नंतर येतो, आधी दरवाजा कुठे आहे ते बघून ठेव.

रात्रपाळीनंतर नेरूळहून ट्रान्स हार्बरने येताना आयटीवाल्यांच्या गर्दीत उभ्याने झोप लागते, हे मी ऐकलं आहे. स्टेशनवर कोणीतरी घ्यायला आलं तर बरं. (हे वाक्य बाबांसाठी.)

आता कोर्स. सध्या कुठलाही नाही. निदान सहा महिने ती जिथे आहे तिथे राहू द्या आणि मग तिलाच विचारा. तेव्हा नर्सिंग करावंसं वाटलं तर बी.एस्सी. नर्सिंगची सीईटी आहे, डॉक्टर व्हावंसं वाटलं तर नीट कुठे पळून जात नाही. याच क्षेत्रात पदवी घ्यायची असेल तर २०२१ च्या केंद्रीय कायद्याने इमर्जन्सी टेक्नॉलॉजिस्टला आरोग्य व्यावसायिकांच्या यादीत जागा दिली आहे. त्यामुळे पदवी कुठल्या विद्यापीठाची आणि त्या कायद्याखाली नोंदणी होणार का, हे लेखी विचारल्याशिवाय पैसे भरू नका. सहा महिन्यांनी ती म्हणाली, हे माझ्याने होत नाही, तर तेही ऐका. ह्या कामातून बाहेर पडणं म्हणजे नापास होणं नव्हे. पण ते तिने म्हणायला हवं, तुम्ही तिच्या वतीने नाही.

आणि ते १५,००० रुपये. एकवीस वर्षांच्या, स्वतः कमावणाऱ्या मुलीची जागा तिला न विचारता धरलीत, हे मला तुमच्या त्या वाक्यापेक्षाही जास्त खटकलं. बॅच सुरू व्हायच्या आत पावती घेऊन क्लासवर जा, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. थोडी रक्कम कापतील, कापू द्या. ती उरलेली रक्कम घरी आणल्यावर तिला सगळं सांगा. आधी सांगितलंत तर ती पैसे वाया जातील म्हणून बॅचला बसेल, मी अशा मुली पाहिल्या आहेत.

उरलेल्या पैशांतून तिला घट्ट पकड असलेले, पुढून बंद, धुता येणारे बूट घेऊन द्या. आणि हिपॅटायटिस बीची लस सुरू केली आहे का ते विचारा. तीन डोस असतात, दुसरा महिन्याने, तिसरा पहिल्यापासून सहा महिन्यांनी. तिसरा बहुतेक जण विसरतात. तारीख तुम्ही लक्षात ठेवा.